घरी सांगितलंय, ‘घेतली’ म्हणून

सल्ला सदर : शनिवार, २७ फेब्रुवारी २०२१

मॅडम, नमस्कार.

मी विदर्भातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात थर्ड मायनरला, म्हणजे एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या भागाला आहे. आमच्याकडे कोविडचं लसीकरण सुरू होऊन महिना उलटला. आमच्या केंद्रावर कोवॅक्सिन आहे. माझ्या मोबाइलवर मेसेज दोनदा आला. पहिल्यांदा मी पाळीचं कारण सांगितलं, दुसऱ्यांदा अंगात कणकण असल्याचं. दोन्ही खोटं. खरं कारण असं की तिच्या चाचणीच्या तिसऱ्या टप्प्याचा निकाल आलेला नसताना लस का घ्यायची, हे मला पटत नाही.

बॅचचे सरळ तीन भाग पडलेत. काहींनी पहिल्याच आठवड्यात घेऊन दंडाचा फोटो स्टेटसला टाकला. काही म्हणतात, आधी सिनियर आणि रेसिडेंट घेऊ देत. काहींना वाटतं की चाचणी चालू आहे म्हणजे अर्ध्यांना नुसतं पाणी टोचतायत. मुलींच्या हॉस्टेलवर तर पुढे मूल होण्यात अडचण येते इथपर्यंत चर्चा आहे, आणि ती करणाऱ्यांपैकी एकीला फार्मॅकमध्ये (औषधशास्त्रात) डिस्टिंक्शन आहे! कॉलेजकडून तोंडी सांगितलं गेलंय की न घेणाऱ्यांची यादी वर जाईल आणि इंटर्नलच्या वेळी लक्षात ठेवलं जाईल.

हे सगळं मी निभावलं असतं. पण घरून रोज फोन येतो. आमच्या नात्यात मी पहिलीच डॉक्टर होणार. बाबांनी गावभर सांगून ठेवलंय, ‘आमची पोरगी घेईल, मग आपण.’ शेवटी कंटाळून मी म्हटलं, घेतली. दंड दुखतोय असंही सांगितलं. आता आजी ओट्यावर बसून सगळ्यांना सांगते, ‘माह्या नातीनं घेतली, मंग मले काय होते?’ आजी ७४ वर्षांची, बीपी आणि शुगर आहे. आशाताई तिचं नाव घेऊन बाकीच्या म्हाताऱ्यांना तयार करतायत. मला रात्री झोप लागत नाही. मी लस घ्यावी का? आणि घरी खरं सांगू, की गपचूप घेऊन टाकू, म्हणजे खोट्याचं खरं होईल?

– अर्धी डॉक्टर

*

प्रिय अर्धी डॉक्टर,

आधी उत्तर देते, कारण तुझ्याकडे वेळ कमी आहे. लस घ्यावीस असं माझं मत आहे. घरीही खरं सांग. आणि आधी घरी सांग, मग लस घे. हा क्रम उलटा करू नकोस.

वेळ कमी अशासाठी, की तू पत्र टाकलंस त्यानंतर या बुधवारी सरकारने जाहीर केलं : येत्या सोमवारपासून, १ मार्चपासून, ६० वर्षांवरच्या सगळ्यांना आणि ४५ ते ५९ वयातल्या जुने आजार असणाऱ्यांना लस मिळणार. आजीला आजारपणाचं सर्टिफिकेटसुद्धा नको, वयाचा पुरावा दाखवला की झालं. म्हणजे तुझ्या ‘घेतली’ या शब्दावर विसंबून निर्णय घेणारी पहिली बाई परवा केंद्रावर उभी असू शकते. तिच्या मागे तुझ्या गावातल्या आणखी चार म्हाताऱ्या.

आता तुझी शंका. मी उभा जन्म पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र शिकवलं, थर्ड मायनरच्या मुलांना दुपारच्या लेक्चरला हमखास झोप आणणारा विषय. त्यामुळे ‘तिसऱ्या टप्प्याचा निकाल कुठे आहे?’ असं विचारणारी मुलगी दिसली की मला राग येत नाही, उलट बरं वाटतं. प्रश्न बरोबरच आहे. ३ जानेवारीला औषध महानियंत्रकांनी दोन लशींना आपत्कालीन वापराची मंजुरी दिली. कोविशिल्डच्या पाठीशी ब्रिटन आणि ब्राझीलमधल्या चाचण्यांचे आकडे होते : एकत्रित परिणामकारकता ७० टक्क्यांच्या आसपास, दोन पूर्ण डोस घेतलेल्यांत ६२. शिवाय पहिल्या डोसनंतर तीन आठवडे उलटल्यावर कोविडमुळे जे दहा जण रुग्णालयात गेले, ते सगळेच्या सगळे लस न मिळालेल्या गटातले. कोवॅक्सिनच्या २५,८०० लोकांवरच्या चाचणीत तेव्हा स्वयंसेवकांची भरती जेमतेम संपत आली होती, आणि आज हे लिहितानाही तिचा निकाल आलेला नाही. अशा वेळी ‘क्लिनिकल ट्रायल मोड’ असा शब्द काढून मंजुरी देणं मला घाईचं वाटलं. त्यावर कडी म्हणजे, या लशी ‘११० टक्के सुरक्षित’ आहेत असं त्याच दिवशी सांगितलं गेलं. ज्यांना टक्केवारी कळत नाही त्यांना धीर देण्यासाठी ते वाक्य असावं. ज्यांना कळते, त्यांच्या मनात नेमकी तिथेच पाल चुकचुकली.

दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयातल्या रेसिडेंट डॉक्टरांनी १६ जानेवारीला, म्हणजे लसीकरणाच्या पहिल्याच दिवशी, वैद्यकीय अधीक्षकांना पत्र लिहिलं. कोवॅक्सिनच्या चाचण्या पूर्ण झालेल्या नाहीत म्हणून आमच्यात धास्ती आहे, आम्हाला कोविशिल्ड द्यावी, असं त्यात होतं. त्यांचं म्हणणं तुझ्याच जातकुळीचं. फरक एवढाच की त्यांनी कणकणीचं कारण दिलं नाही, संघटनेच्या नावाने पत्र दिलं. शंकेचं असं करायचं असतं.

तुझा आक्षेप नीट तपासून बघ. तो मंजुरीवर आहे. मंजुरी घाईत दिली म्हणून लस वाईट, हा तर्क व्हायव्हात केलास तर मी नापास करेन. लशीबद्दल जे माहीत आहे ते वेगळं मांडून बघू. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत (एनआयव्ही) वेगळा केलेला विषाणू घ्यायचा, वाढवायचा, रसायनाने मारून टाकायचा आणि तो मेलेला विषाणू टोचायचा. पोलिओचं इंजेक्शन असंच बनतं, रेबीजची लसही, जपानी मेंदूज्वराचीही. पहिल्या टप्प्यातल्या ३७५ जणांचे निष्कर्ष गेल्याच महिन्यात ‘लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’मध्ये आले. प्रतिपिंडं तयार झाली, त्रास झाला तो मुख्यतः दंड दुखणं, डोकेदुखी, ताप, थकवा. तिसऱ्या टप्प्यातले हजारो लोक नजरेखाली आहेत. सुरक्षिततेबद्दल इतपत माहिती हातात आहे.

काय माहीत नाही? ही लस शंभरातल्या किती जणांना आजारापासून वाचवते, तो आकडा. तो माहीत नाही याचा अर्थ तो शून्य आहे असा होत नाही. मग तुझ्यापुरता प्रश्न असा उरतो : बऱ्यापैकी माहीत असलेला छोटा त्रास, आणि किती ते न कळलेला फायदा, यांच्यासमोर वॉर्डात काय वाट बघतंय? तू विदर्भात आहेस, मी तुला सांगायला नको. अमरावती आणि अचलपूरला सोमवारपासून पुन्हा टाळेबंदी लागलीय. अकोला, यवतमाळचे आकडे रोज चढतायत. निकालाची वाट बघायची तर ती तुला घरी बसून बघता येणार नाही, पोस्टिंग करत बघावी लागेल. हिशेब कर : आज पहिला डोस घेतलास तर दुसरा चार आठवड्यांनी, त्यानंतर पुरेसं संरक्षण यायला साधारण दोन आठवडे. एप्रिलचा दुसरा आठवडा उजाडला. महिनाभर थांबलीस तर मे.

तू २०-२१ वर्षांची असशील. या वयात कोविडने जिवाला धोका कमीच, हे मी लपवणार नाही. तुला लस घ्यायची ती मुख्यतः तू जिथे काम करतेस त्या जागेमुळे. तोंडातून नळी घालताना, थुंकीचे नमुने हाताळताना, श्वास कोंडलेल्या माणसाच्या छातीला स्टेथो लावताना तू चार तास उभी असतेस. आणि लस घेतलेला माणूस दुसऱ्याला संसर्ग देत नाही, असा ठोस पुरावा अजून नाही. तेव्हा मास्क उतरवायला मिळेल या आशेने कुणी लस घेत असेल, तर त्याला आजच सांग.

बॅचच्या पाण्याच्या इंजेक्शनबद्दल. तिसऱ्या टप्प्याच्या खऱ्या चाचणीत निम्म्यांना लस आणि निम्म्यांना औषध नसलेलं इंजेक्शन मिळतं, कुणाला काय ते टोचणाऱ्यालाही कळत नाही. तुमच्या केंद्रावर जे चाललंय ते तसं नाही. तिथे येणाऱ्या प्रत्येकाला लसच मिळते. ‘ट्रायल मोड’ म्हणजे एवढंच की आधी संमतीपत्रावर सही घेतात, माहितीपत्रक हातात देतात, सात दिवस काय काय झालं ते लिहायला कागद देतात, आणि लशीमुळे गंभीर इजा झाल्याचं सिद्ध झालं तर भरपाई कंपनीने द्यायची असं त्यात लिहिलंय. या लशीची परिणामकारकता अजून सिद्ध व्हायची आहे, हेही त्याच कागदावर स्पष्ट छापलंय. सरकारी कागदावर इतकं सरळ वाक्य मी फार कमी वेळा वाचलंय. तुझ्या बॅचमधल्या किती जणांनी तो कागद वाचला, विचारून बघ. माझा अंदाज आहे की स्टेटस टाकणाऱ्यांनीही नाही आणि नकार देणाऱ्यांनीही नाही.

मूल न होण्याच्या चर्चेवर हसू नकोस. ती कुठून आली ते बघ. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना सध्या ही लस देत नाहीत, कारण चाचण्यांमध्ये त्यांना घेतलंच नव्हतं. तपासलं नाही म्हणून देत नाही, एवढी ती गोष्ट. हॉस्टेलच्या पॅसेजमधून दोन मजले चढेपर्यंत तिचं ‘बायकांना चालत नाही’ झालं, आणि तिसऱ्या मजल्यावर ‘मूल होत नाही’. मेलेला विषाणू बीजकोषापर्यंत जाऊन काही करेल असा मार्गच नाही. उत्तर प्रदेशात पोलिओच्या डोसाबद्दल हीच अफवा वर्षानुवर्षं चालली, तिथे लोक दारं लावून घ्यायचे. ती डिस्टिंक्शनने गेली नाही. त्याच त्या घरांमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन, चहा पिऊन, शिव्या खाऊन गेली. २०११च्या जानेवारीनंतर देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रुग्ण सापडलेला नाही. तुमच्या हॉस्टेलवर कुणीतरी रात्री जेवणानंतर मेसमध्ये बसून हे बोलावं. तू का नाही?

मेडिकलची मुलं असून शंका घेतात, याचं तुला जे नवल वाटतंय ते मला वाटत नाही. अमेरिकेत मिशिगनमधल्या मेडिकल विद्यार्थ्यांची एक पाहणी डिसेंबरमध्ये छापून आली. लशींबद्दल जवळपास सगळ्यांचं मत चांगलं, तरीही मंजुरी मिळाल्यावर लगेच घ्यायला २३ टक्के तयार नव्हते. यात विसंगती नाही. लशी चांगल्या असतात हे पुस्तकातलं ज्ञान. ही लस, आज, माझ्या दंडात, हा वेगळा विषय. शिवाय तुम्ही अशा मधल्या पायरीवर उभे आहात की चाचणी कशी वाचायची हे अर्धं कळतं आणि वॉर्डात जे दिसतं ते पचवायची सवय अजून झालेली नसते. सिनियर शंका घेतो तेव्हा चार माणसांशी बोलतो. ज्युनियर व्हॉट्सअॅप ग्रुपवर बोलतो.

मात्र एका गोष्टीचं मला खरंच नवल वाटतं. थर्ड मायनरच्या वर्गात मी दरवर्षी विचारायचे, हेपॅटायटिस बीचे तीनही डोस झालेल्यांनी हात वर करा. हात वर जायचे, पण कधीच सगळे नाहीत. पुष्कळांचा पहिला डोस झालेला असायचा, दुसरा कधीतरी, आणि सहा महिन्यांनी घ्यायचा तिसरा विसरलेला. या लशीला कितीतरी वर्षं झाली, परिणामकारकता पाठ आहे, गावठी अफवाही नाहीत. लस न घेतलेल्या माणसाला दूषित सुई टोचली तर संसर्गाचा धोका तीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, हे तुम्ही परीक्षेत लिहिता आणि कपाळावरचा परीक्षेचा टिळाही पुसायच्या आधी रक्त घ्यायला वॉर्डात जाता, असं आमचे एक सहकारी म्हणायचे. (ते जरा जास्तच बोलायचे.) तेव्हा तुमच्यातल्या सगळ्याच नकारामागे शास्त्रीय चिकित्सा असते, असं मी मानत नाही. थोडी चिकित्सा, थोडा आळस, थोडी सुईची भीती, आणि येऊ घातलेलं प्रॅक्टिकल. तुझ्यात यातलं कशाचं किती आहे, ते तूच पाहा. मला कळवायची गरज नाही.

कॉलेजच्या दबावाबद्दल थोडक्यात. हे लसीकरण ऐच्छिक आहे, आरोग्य मंत्रालयानेच तसं सांगितलंय. इंटर्नलच्या मार्कांची भीती घालून घेतलेल्या सहीला मी संमती म्हणत नाही, आणि ज्यांनी तुम्हाला संमती म्हणजे काय हे शिकवायचं त्यांनीच हे करावं याची लाज वाटते. पण दबाव आणला म्हणून हट्टाने घ्यायची नाही, असं ठरवलंस तर निर्णय त्यांनीच घेतला असं होईल, फक्त उलट्या दिशेने. तुमच्या पीएसएमच्या विभागप्रमुखांकडे किंवा लसीकरणाच्या नोडल अधिकाऱ्यांकडे जा. संमतीपत्र आदल्या दिवशी मागून घे. सरकारने लस निवडायची मुभा दिलेली नाही, तेव्हा कोविशिल्ड मिळेल या आशेवर राहू नकोस. तुझे प्रश्न कागदावर लिहून ने. उत्तरं ऐकूनही नाही पटलं, तर नाही म्हण. पण ‘मला हे पटत नाही म्हणून आज घेत नाही’ असं, स्वतःच्या नावाने. पाळी, कणकण, पोटदुखी यांना आता सुटी दे. त्या कारणांमुळे एक वेगळंच नुकसान होतं : पाळीत लस चालत नाही, असा समज केंद्रावरच्या नर्सताईंपासून रांगेतल्या मुलींपर्यंत पसरतो. पाळी चालू असताना लस घ्यायला काहीही हरकत नाही.

आता घर.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्यावरची लस वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचलेली जागा दुखली, ते उठून कामाला लागले. परळच्या हाफकिन संस्थेला ज्यांचं नाव आहे ते हेच. ही गोष्ट सांगताना लोक नेहमी इथेच थांबतात आणि टाळ्या घेतात. पण एका माणसाने टोचून घेतल्याने लस चांगली आहे असं काडीचंही सिद्ध होत नाही, हे हाफकिनना पुरेपूर माहीत होतं. महिनाअखेरीला भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा त्यांनी तयार झालेल्या कैद्यांना लस दिली आणि न दिलेल्यांशी तुलना केली. पुरावा तो होता. (कैद्यांच्या ‘तयार होण्या’ला आज कुठलीही नैतिकता समिती मान्यता देणार नाही, पण तो वेगळा विषय.) स्वतःला टोचणं हे शास्त्र नव्हतं. ते लोकांसोबत उभं राहणं होतं.

तुझ्या आजीला पुरावा नको आहे. ‘माह्या नातीनं घेतली’ यात ती तुझ्यावर भरवसा टाकतेय, आणि तो तिने तुझ्या फार्मॅकच्या मार्कांवर टाकलेला नाही. म्हणून गपचूप घेऊन खोट्याचं खरं करण्याचा बेत मला मान्य नाही. सोमवारी आजीने लस घेतली, मंगळवारी तिला ताप आला आणि बाबांनी फोन करून विचारलं, ‘तुला पण असाच आला होता का?’ तर काय सांगशील? आणखी एक खोटं रचशील. तेही चुकीचं, कारण तुला काय होईल हे तुला अजून माहीतच नाही.

याहून अवघड शक्यताही बोलून ठेवू. मुरादाबादला एका वॉर्डबॉयचा लस घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी मृत्यू झाला. शवविच्छेदनात कारण हृदय आणि फुप्फुसांचा आजार निघालं, लशीशी संबंध नाही असं तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं. नॉर्वेत वृद्धाश्रमांतली फार थकलेली काही माणसं लस घेतल्यानंतरच्या दिवसांत गेली, ती बातमी तर तुमच्या गावापर्यंत नक्की पोचली असेल. सत्तरीपुढच्या लाखो लोकांना काहीही दिलं, अगदी पेढे दिले, तरी पुढच्या आठवड्यात त्यांच्यातले काही जण जाणारच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते. पण ज्याच्या घरची फांदी मोडते त्याला हे त्या दिवशी पटत नाही. उद्या गावातल्या एखाद्या म्हातारीला लशीनंतर काही झालं, मग ते लशीमुळे असो वा नसो, लोक आधी तुझ्या बाबांच्या दारात येतील. त्या वेळी तुझं ‘घेतली’ खोटं होतं असं बाहेर आलं, तर पुढची कित्येक वर्षं तिथे कुणी लस घेणार नाही. गोवराचीसुद्धा नाही. त्या आशाताईंचा विचार कर. त्यांनी तुझं नाव वापरून लोक गोळा केलेत, उद्या त्याच दारांवर त्यांना पुन्हा जायचंय.

आता सांगायचं कसं. आज रात्री फोन कर. आधी बाबांना नको. बाबांनी जाहीर करून ठेवलंय, त्यांचा पहिला विचार लोक काय म्हणतील हा असेल. आजीलाच सांग. फार प्रस्तावना नको : ‘आजी, मी लस घेतली असं सांगितलं ते खोटं होतं. मला भीती वाटत होती आणि तुम्ही सगळे विचारत होता म्हणून बोलून गेले. त्या लशीचा अभ्यास अजून पूर्ण झालेला नाही म्हणून मी थांबले होते. आता मी सगळं वाचलं, मोठ्या डॉक्टरांना विचारलं, आणि या आठवड्यात घेणार आहे.’ शेवटचं वाक्य खरं असेल तरच बोल. म्हणूनच क्रम महत्त्वाचा आहे. आधी लस घेतलीस तर ‘आता कशाला सांगायचं’ असं वाटून तू सांगणारच नाहीस. तुला मी पत्रावरून तेवढी ओळखते.

आजी रागावेल, किंवा हसेल. माझ्या अनुभवात आज्या बहुधा हसतात. पण एक होईल : घाबरलेली, विचारणारी आणि मग ठरवणारी डॉक्टर तिला पहिल्यांदा दिसेल. ओट्यावरच्या बायकांनाही भीती वाटतेच आहे. ‘तिला पण भ्या वाटत होतं’ हे त्यांना दंडदुखीपेक्षा जास्त जवळचं वाटेल. मग बाबांना सांगायचं काम आजीवर सोपव. ती ते तुझ्यापेक्षा चांगलं करेल. आशाताईंना मात्र तू स्वतः फोन कर. त्या निरोपाने कळण्याइतक्या लांबच्या नाहीत.

आजीने सोमवारी जायचं की नाही, हे तिला ठरवू दे. तू तुझ्या लशीपर्यंत थांब म्हणू नकोस. तिचं वय आणि शुगर बघता तिचा धोका तुझ्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि तिच्यासाठी हिशेब सरळ आहे : घ्यावी. बीपी-शुगरच्या गोळ्या त्या दिवशीही नेहमीसारख्या घ्यायच्या, उपाशी जायचं नाही, सैल बाहीचं पोलकं घालायचं. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर टोचणाऱ्यांना आधी सांगायचं. पूर्वी कुठल्या इंजेक्शनने किंवा औषधाने अंगावर गांधी उठून श्वास कोंडला असेल, तर तेही आधीच सांगायचं. अशा वेळी लस देऊ नये. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं, ‘मले काही नाही झालं’ म्हणून उठायचं नाही. ताप आला तर पॅरासिटामॉल. एक-दोन दिवसांत उतरतो. त्याहून जास्त काही वाटलं तर केंद्रावर कळवायचं. गावाजवळ नेमकं कुठलं केंद्र सुरू होतंय ते आशाताईंना आधी विचार, नाहीतर बाबा तिला मोटारसायकलवर बसवून तालुक्यापर्यंत नेतील आणि तिथे कळेल की आज नाही.

तुझ्यासाठी : गेल्या काही आठवड्यांत तुला कोविड होऊन गेला असेल तर बरं वाटल्यापासून चार ते आठ आठवडे थांबायचं असतं, ते केंद्रावर सांग. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी घेऊ नकोस, अंग दुखलं तर उगाच लशीला बोल लागेल. आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी राहून गेलेल्यांना सध्या पुन्हा बोलावतायत, तेव्हा तिसऱ्या मेसेजची वाट न बघता सोमवारी सकाळी स्वतः जाऊन यादीत नाव बघ. सात दिवसांचा तो कागद मिळेल तो फेकू नकोस, रोज भर. तुझी मूळ तक्रार माहिती अपुरी असल्याची होती ना? मग निदान तुझ्या दंडाची माहिती तरी पूर्ण असू दे.

आणि हेपॅटायटिस बीचा तिसरा डोस राहिला असेल, तर तोही कधी घेता येईल ते त्याच फेरीत विचारून घे.